सात घंटा, साडेतीन जोड मोजे

वडवणीजवळच्या बंकटच्या वस्तीवर त्या संध्याकाळी मेंढ्या एकोणचाळीस, त्यांच्या गळ्यांत घंटा सात, कुत्री दोन, अंगणात दिवा एक. म्हणजे आवाजाची कारणं नऊ आणि उजेडाचं एक. मोजदाद केली होती बंकटच्या पोरानं, बी.एस्सी. झालेल्या सोमनाथनं!

सकाळी दहाला बीडच्या एका प्रयोगशाळेत त्याची मुलाखत होती. मागच्या मुलाखतीला जागरण घेऊन गेला होता. साहेबांनी प्रश्न विचारला आणि यानं जांभईनं उत्तर दिलं! या वेळी मात्र तयारी पक्की. मनगटावर झोप मोजणारं घड्याळसुद्धा होतं.

"तरण्या माणसाची झोप निम्मी रक्तातून येती, निम्मी भोवतालातून," जेवताना त्यानं जाहीर केलं. "रक्ताचं काम पक्कं हाय. आबा तर गारपिटीत बी घोरतात! आता फकस्त भोवताल दुरुस्त करायचा."

"मी कुटं घोरतो बे?" बंकट भडकला.

"आवो, मेंढरायला इचारा की!" सोमनाथची आई सारजाबाई म्हणाली.

सगळे झोपल्यावर सोमनाथ कामाला लागला. दिवा बंद. कुत्री शेजारच्या राधाकिशनच्या आखाड्यावर, त्याच्या शेतातल्या गोठ्यापाशी नेऊन बांधली. मग मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या कुंपणात शिरून सातही घंटांत आपले हॉस्टेलचे जुने मोजे कोंबले. साडेतीन जोड लागले!

अशी शांतता पसरली की पापणी मिटल्याचा आवाज यावा. सोमनाथ आडवा झाला. झोप येईना! तव्यावरच्या भाकरीसारखा या कुशीवरून त्या कुशीवर उलटत राहिला. तेवढ्यात बंकटचं घोरणं थांबलं.

"सारजे! घंटा कावून गप झाल्या?"

"आवो, कुत्रं बी भुंकंना!"

"दिवा बी न्हाई! चोर! मेंढरं नेली!"

"आबा, मेंढरं हायती, मीच..." सोमनाथ ओरडला, पण बंकटपुढं ढगाचं गडगडणंही कुजबुज वाटावं!

एवढ्यात राधाकिशन काठी, बॅटरी आणि दोन्ही कुत्री घेऊन धावत आला. "बंकटराव, चोरायनी तुमची कुत्री माझ्या आखाड्यावर बांधलीत! लई हुशार टोळी हाय!"

कुत्री मालकाकडं झेपावली, मेंढ्या बुजल्या, जाळी फाटली आणि एकोणचाळीस मेंढ्या थेट ज्वारीत! अंधार, उंच ज्वारी, आणि घंटांत मोजे. मेंढी पायाशी आली तरी पत्ता लागेना! सोमनाथ अनवाणी धावला, पडला, एकदा अंधारात राधाकिशनलाच मिठी मारून "सापडली!" म्हणून ओरडला.

उजाडता उजाडता मेंढ्या पुऱ्या भरल्या. बंकटच्या नजरेखाली सोमनाथनं एकेक मोजा उपसला.

"शिकल्यालं हाय माझं लेकरू," सारजाबाई म्हणाली. "मेंढरायला बी थंडी वाजती, ठावं हाय त्याला!"

घंटा किणकिणल्या. बंकट बसल्या जागी घोरू लागला. सोमनाथचेही डोळे जड झाले. पाळण्यापासून हाच आवाज कानांत. मग हे रक्त की भोवताल? विचार करायला वेळ नव्हता. सव्वाआठची एसटी निघत होती.

कंडक्टरकडून बीडचं तिकीट घेऊन तो खिडकीशी बसला. गाडी हलली. सगळ्या काचा खळखळू लागल्या, बाकाखाली काहीतरी किणकिणू लागलं...

"उठा की, पावणं! बीडला चारदा हलवलं तुमाला. ही गेवराई हाय!"

सोमनाथनं मनगटाकडं पाहिलं. वेळ : दहा वाजून वीस मिनिटं. गाढ झोप : एक तास बावन्न मिनिटं. दर्जा : उत्तम.