टर्बोच्या आधीची तयारी

गाडी घाटात दम टाकते, ही बाब आमच्या भाऊजींनी अत्यंत गांभीर्याने घेतली. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, नियोजन खात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांची आई घाटापलीकडे एकटी राहते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशन इकडे शहरात करायचं ठरलेलं. भाऊजींनी फोनवर शब्दच दिला होता, "आई, तू बसबिस काही धरायची नाहीस. मी स्वतः गाडी घेऊन येतो. मागच्या सीटवर मस्त पाय पसरून बस."

पण मागच्या खेपेला घाटात एका दूधवाल्याच्या टेम्पोने भाऊजींना मागे टाकलं होतं, तेही साधा हॉर्न न वाजवता. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. गाडीला टर्बो होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पण तो छोटा. भाऊजींनी जेवता जेवता निर्णय जाहीर केला, "मोठा टर्बो बसवायचा आणि मगच आईला आणायचं. घाट कधी चढलो ते तिला कळणारसुद्धा नाही."

"अहो, त्यांना तसंही दिसत नाहीये," ताई म्हणाली. "हळू आणलंत तरी चालेल की!"

सदर सूचना विचारात घेण्यात आली व फेटाळण्यात आली.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "टर्बो काय साहेब, लगेच बसवतो. पण आधी थोडी तयारी हवी. मोठा टर्बो जोरात हवा मारणार. इंजिन कमजोर निघालं तर त्याच्या सांध्यातलं गॅस्केट उडेल. इंजिन तपासू, ऑइल बदलू, नळ्या साफ करू, मग बसवू."

'तयारी' हा शब्द ऐकून भाऊजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते लग्नातही आलं नव्हतं, असं ताई सांगते. माणसाचा पिंडच तो. त्यांच्या खात्यात आजवर एकही काम अपुऱ्या तयारीनिशी सुरू झालेलं नाही. खरं तर सुरूच झालेलं नाही.

उस्तादचं म्हणणं मात्र बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. इंजिन ठणठणीत निघालं, ऑइल बदललं, नळ्या लखलखल्या. एखाद्या सामान्य माणसाने इथे टर्बो बसवून टाकला असता. भाऊजींनी विचारलं, "ताकद वाढल्यावर क्लचला झेपेल का?"

"झेपेल बहुतेक."

"बहुतेक?" भाऊजी असे दचकले, की उस्तादच्या हातातला पाना खाली पडला. "बहुतेकवर आमचं खातं चालत नाही!"

क्लच बदलला. मग वेगात जाणारी गाडी थांबायलाही हवी, म्हणून ब्रेक बदलले. इतके चांगले ब्रेक जुन्या टायरांवर वाया जातील, म्हणून टायर रुंद घेतले. आणि रुंद टायरांवर उंच गाडी शोभत नाही व वळणावर कलते, म्हणून गाडी खाली बसवली.

तेवढ्यात फोन आला. "कधी येतोस रे? काल चहात साखर म्हणून मीठ घातलं मी."

"झालंच आई. ब्रेक लागले की निघालोच."

"ब्रेक लागल्यावर कसा निघशील रे?" ताईच्या सासूबाईंनी विचारलं. भाऊजींनी फोन ठेवला आणि आईला तांत्रिक बाबी समजत नाहीत, असं खेदाने म्हणाले.

खाली बसवलेली गाडी मोठ्या थाटात घरी आली आणि बिल्डिंगच्या फाटकातल्या गतिरोधकावर पोट टेकून अडकली. आम्ही चार बिऱ्हाडांनी मिळून ती उचलून आत ठेवली. आता बाहेर काढायची तर गतिरोधक काढायला हवा. भाऊजी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षही नियमाचे पक्के.

"गतिरोधक वेगात जाणाऱ्यांसाठी असतो. तुमची गाडी वेगात जाते का?"

"अजून नाही. तयारी चालू आहे."

"मग वेगात जायला लागली की या. तेव्हा तर तो काढताच येणार नाही, पण चर्चा करू."

भाऊजी परत आले ते भारावूनच. असा माणूस आपल्या खात्यात हवा होता, म्हणाले. मग उस्तादच बिल्डिंगखाली यायला लागला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की वजन कमी असेल तर गाडी घाट झपाझप चढते. झालं! भाऊजींनी जॅक काढला, स्टेपनी काढली, पायातले गालिचे काढले आणि शेवटी मागची सीट काढून वर हॉलमध्ये आणून ठेवली. मी गेलो की तिच्यावरच बसतो. खरंच आरामशीर आहे.

पुढचा फोन ताईने घेतला. सासूबाई नेहमीसारख्या हसल्या नाहीत. "पायरी दिसत नाही गं आता," म्हणाल्या. "चाचपडत उतरते. पडले तर कुणाला कळायचंही नाही."

ताईने फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. "मी निघाले बसने. संध्याकाळपर्यंत त्यांना घेऊन येते."

"आणि मी आईला दिलेल्या शब्दाचं काय?" भाऊजी कळवळून म्हणाले.

"तो तुम्ही सांभाळा. मी सासूबाईंना सांभाळते."

ऑपरेशन छान झालं. डोळ्यांवरची पट्टी निघाली, काळा चष्मा लागला आणि सासूबाईंना भिंतीवरची पालसुद्धा स्पष्ट दिसायला लागली. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. ते आईचा हात धरून तिला खाली घेऊन गेले. उस्ताद फडकं मारत उभाच होता.

"बघ आई. हे सगळं तुझ्यासाठी."

सासूबाईंनी गाडीला एक फेरी घातली. टायर पाहिले, काचेला नाक लावून आत पाहिलं. "गोड दिसते रे. पण बाळा, मी बसायचं कुठे?"

उस्ताद पाना पुसू लागला. भाऊजी खाकरले. "सीट दुसऱ्या टप्प्यात आहे, आई."

"आणि तो टर्बो का काय तो?"

"तो कपाटावर आहे, खोक्यात. गाडी तयार झाल्याशिवाय कसा बसवणार?"

सासूबाई वर आल्या, हॉलमधल्या गाडीच्या सीटवर बसल्या आणि चांगले पाय पसरले. "म्हणजे शब्द तर पाळलास म्हणायचा," त्या म्हणाल्या. ताई स्वयंपाकघरात जाऊन हसली. नंतर बराच वेळ ती बाहेर आली नाही.

सासूबाई अजून इथेच आहेत. रोज घराची आठवण काढतात. बसने जाते म्हणतात, पण भाऊजी ऐकत नाहीत. आणलं ताईने, आता सोडायला मात्र ते स्वतः, गाडीने जाणार आहेत. तयारी चालू आहे.

तुम्हाला हसू आलं असेल, तर हसून घ्या. मग एक फोन लावा. कुणाला, ते तुम्हाला माहीत आहे. तिकडून "कधी येतोस रे?" असं विचारतील, तेव्हा तुम्ही नेहमी जे सांगता तेच सांगा आणि आम्हालाही कळवा. भाऊजींना दुसऱ्या टप्प्यासाठी अनुभवी माणसं हवी आहेत.