वैजनाथराव आणि गप्प लॅपटॉप

आमच्या घरी नवा फ्रिज आला त्या संध्याकाळी शेजारचे वैजनाथराव तो बघायला आले. फ्रिज बघायला येणारे लोक दार उघडून आतली जागा बघतात, रंगाला नावं ठेवतात, किंमत विचारतात. वैजनाथरावांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, फ्रिजच्या अंगाला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमचा फ्रिज गप हाय."

"नवीन आहे ना, आवाज करत नाही," मी कौतुकानं म्हणाले.

"त्येच तर म्हणतो मी. गप हाय, म्हणजे काहीतरी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच ते पुन्हा हजर. रात्रीत बर्फ झाला होता. मी तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळे बारीक करून उलटसुलट बघितला, बेसिनमध्ये टाकला आणि निघून गेले. पटलं नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

लातुरात आमची दोन घरं एकमेकांना चिकटून आहेत. मधली भिंत एकच. वैजनाथराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, मी शाळेत शिकवते. त्यांच्या घरात काय चाललंय हे मला कुणी सांगावं लागत नाही, कारण त्या घरातली प्रत्येक वस्तू वाजते. फाटक किंचाळतं. झोपाळा कुरकुरतो. छताचा पंखा तर असा खडखडतो की खाली बसलेला नवा पाहुणा जेवताना अर्धं लक्ष वर ठेवतो. एकदा त्यांच्या बायकोनं, कमलताईंनी, गुपचूप वायरमन बोलावून त्या पंख्याला तेल घातलं. वैजनाथराव बाजारातून आले आणि दारातच थबकले. "पंखा कामून गप झाला?" त्यानंतर चार दिवस ते पंख्याखाली बसले नाहीत. पाचव्या दिवशी तो आपोआप पुन्हा खडखडू लागला, तेव्हा कुठे खुर्ची आपल्या जागेवर आली.

माणसांच्या बाबतीतही हाच न्याय. आमच्या गल्लीत एक दूधवाला यायचा, अतिशय सज्जन. दूध घालायचा, मान लववायचा आणि जायचा. वैजनाथरावांनी त्याला बंद केलं आणि दुसरा लावला. हा दुसरा फाटकापासून ओरडत यायचा आणि राजकारणावर भाषण देऊन जायचा. दुधात पाणी आहे हे कमलताईंनी भांड्यासकट दाखवलं. वैजनाथराव म्हणाले, "असू दे. पाणी घालतो, पण बोलतो तर."

त्यांच्या घरी फळीवर एक पितळी तांब्या उपड्या पेल्यावर तोल सांभाळून उभा असतो. भूकंपानंतर आमच्या भागात बऱ्याच घरांनी असं करून ठेवलं होतं. जमीन जरा हलली की तांब्या पडावा आणि माणसं जागी व्हावीत, एवढाच हेतू. वर्षं गेली तसे बाकीच्यांचे तांबे पुन्हा पाणी प्यायच्या कामाला लागले. वैजनाथरावांचा अजून पहाऱ्यावर आहे. त्यातून लातुरात क्लासेस वाढले, क्लासला येणाऱ्या पोरांसाठी गल्लोगल्ली होस्टेलं उठली आणि प्रत्येक होस्टेल बोअर पाडू लागलं. समोर मशीन लागलं की इकडे तांब्या खण्णदिशी खाली आणि वैजनाथराव चपला हातात घेऊन रस्त्यावर. कमलताईंना आता त्याची इतकी सवय झाली आहे की त्या हातातली पोळी भाजून होईपर्यंत बाहेरही येत नाहीत.

हे सगळं मी मजेनं बघत होते, शाळेत त्यांची नक्कल करून दाखवत होते. माझी मजा संपली ती अश्विनी आल्यावर.

अश्विनी म्हणजे कमलताईंच्या भावाची मुलगी, मुखेडची. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून वैजनाथराव तिचे मामा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी ती आत्याकडे राहायला आली. पोरगी हुशार, पण इतकी अबोल की पहिले आठ दिवस मला तिचा आवाज कसा आहे तेच माहीत नव्हतं. हाक मारली तर ओ द्यायची नाही, नुसती समोर येऊन उभी राहायची.

आता विचार करा, अशी मुलगी आणि वैजनाथरावांचं घर! ती खोलीचं दार लावून अभ्यासाला बसली की हे बाहेर फेऱ्या घालायचे. खाकरायचे. भिंतीला कान लावायचे. शेवटी न राहवून दार ठोकायचे, "अश्विनी, हायस का?" ती उठून दार उघडायची, मान हलवायची, पुन्हा दार लावायची. थोड्या वेळानं पुन्हा ठक ठक. "अश्विनी, हायस का?"

भिंतीच्या अलीकडे मला हे सगळं ऐकू यायचं आणि माझं डोकं तापायचं. परक्याची पोर विश्वासानं घरात ठेवलेली, तिच्यावर अशी पाळत? मोबाइलवर कुणाशी बोलते की काय, अभ्यास सोडून सिनेमा बघते की काय, असलेच संशय असणार म्हाताऱ्याच्या डोक्यात. एकदा कमलताईंना मी आडून विचारलंही. त्या म्हणाल्या, "त्यांचं तसंच हाय ओ," आणि विषय बदलला.

क्लासच्या सराव परीक्षा कॉम्प्युटरवर सुरू व्हायच्या होत्या. खऱ्या परीक्षेतही कॉम्प्युटरच समोर असतो, त्यामुळे सराव नसेल तर हात अडखळतो. तिच्या वडिलांनी मुखेडहून पैसे पाठवले आणि लॅपटॉपची निवड मामांवर सोपवली. मामांनी मला गाठलं. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, यावरून मला त्यातलं सगळं कळतं असा त्यांचा समज होता.

मी, वैजनाथराव आणि अश्विनी दुकानात गेलो, तेव्हा दोन लॅपटॉप निघाले. एकाच कंपनीचे. एक मागच्या वर्षीचं मॉडेल, दुसरं त्याच्या जागी आलेलं नवं. किमतीत फारसा फरक नव्हता.

"जुनं कामून बंद केलं?" वैजनाथरावांनी सुरुवात केली.

"बंद केलं कारण नवं आलं, काका," दुकानदार म्हणाला.

"अन् नवं कामून आणलं?"

"चांगलं आहे म्हणून."

"म्हणजे जुनं वाईट होतं. अन् ते तुम्ही वर्षभर इकलं."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी शोकेसकडे बघितलं.

"नवं हलकं आहे बघा," त्यानं दुसरी बाजू लावून धरली.

"हलकं? आतलं काय काढून घेतलं?"

"पंखा काढलाय, काका. याला पंखाच लागत नाही. बिलकुल आवाज नाही."

झालं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण काय बोलून बसलो ते! वैजनाथरावांनी टोपी काढली. आधी नव्या लॅपटॉपला कान लावला. मग जुन्याला. जुना घुं घुं करत होता, गिरणीत दळण चालावं तसा. त्यांचा चेहरा खुलला. "हा बघा. हा बोलतो."

"पण नव्याची बॅटरी दुप्पट चालते. तुमच्याकडे लाइट जाते ना?"

"जाती. पण गप हाय ना हा. चालू हाय का बंद, बाहेरून कसं कळावं?"

"बाहेरून कशाला कळायला पाहिजे? समोर बसलेल्याला कळतं की."

वैजनाथरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "इचार करून येतो," म्हणाले आणि आम्हाला बाहेर काढलं.

दोन दिवसांनी ते एसटीनं नांदेडला जाऊन आले. तिथल्या दुकानात तेच दोन लॅपटॉप बघितले आणि तिथल्या दुकानदारानंही नवं हलकं आहे, बॅटरी चांगली आहे, आवाज नाही असंच सांगितलं. वैजनाथराव आल्या आल्या अंगणातल्या भिंतीवरून मला म्हणाले, "बघा बाई. लातूरचा जे बोलला तेच शब्द नांदेडचा बोलून राहिला. सगळे मिळालेले हायत." दोघं खरं बोलत असतील ही शक्यता मी सुचवून बघितली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुकानदारांच्या यादीत माझंही नाव गेलं असावं.

सराव परीक्षा तोंडावर आली. अश्विनी काहीच म्हणत नव्हती. पण दुकानात तिचा हात नव्या लॅपटॉपवरून कसा अलगद फिरला होता ते मी पाहिलं होतं. शेवटी कमलताईंनी दम भरला आणि आम्ही तिघं पुन्हा लातूरच्याच दुकानात गेलो. वैजनाथराव आत शिरतानाच म्हणाले, "आवाजवाला द्या."

मला राहवलं नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर पडलं. "वैजनाथराव, तुम्हाला लॅपटॉपचा आवाज कशाला हवाय, सांगू? पोरगी आत अभ्यास करते का आणखी काही, हे बाहेरून कळावं म्हणून! लाइट गेल्यावर हा जुना डबा बंद पडेल, तिची परीक्षा अर्धी राहील, पण तुमची पाळत राहिली पाहिजे. एवढा संशय बरा नव्हे."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. त्यांना मी काय म्हणतेय तेच आधी कळलं नसावं.

"अभ्यास करू दे, न्हाईतर झोपू दे, बाई," ते म्हणाले. "हाय का न्हाई, तेवढं कळलं की झालं."

मग काउंटरवर हात टेकून, खाली बघत ते बोलले. मला वाटतं, मला सांगायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं.

"भूकंप झाला तवा मी हितं लातुरात नोकरीला होतो. गावाकडं पोचेपर्यंत उजाडलं होतं. घरं न्हाईत, नुसते ढीग. खांदणारी माणसं थोडी अन् ढीग लई. मग जिथून आवाज येईल तिथं लोक आधी खांदायचे. आमच्या ढिगाला मी कान लावून बसलो. आईचा आवाज आला, आईला काढलं. धाकट्या बहिणीला, सुमनला, हाका मारल्या. लई मारल्या. आवाज आला न्हाई. लोक म्हणले, हितं आता कोणी न्हाई, अन् शेजारच्या घराकडं गेले. त्यांचं बी बरोबरच होतं. तिकडं लेकरू रडून राहिलं होतं."

त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"ती होती तिथंच. दुसऱ्या दिवशी सापडली. तिचं मुळातच तसं. हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. नुसती येऊन उभी राहायची."

दुकानदारानं हातातला फडका खाली ठेवला. मला स्वतःची फार लाज वाटली. इतकी वर्षं एका भिंतीला राहून मी त्या माणसाची नुसती नक्कल करून दाखवत होते.

अश्विनी त्यांच्या मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि जुन्या लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाली, "मामा, हाच घेऊ. मला हाच आवडला."

वैजनाथरावांनी मान वर केली. त्यांचे डोळे बारीक झाले. फ्रिजमधला बर्फ बघताना झाले होते तसेच.

"हाच आवडला? मागच्या टायमाला त्या नव्यावरनं नजर हलत नव्हती तुझी. अन् आज एकदम जुना आवडला?" ते दुकानदाराकडे वळले. "खोटं बोलून राहिली पोरगी. तो नवा द्या. अन् बॅटरीचं खरं सांगा, लाइट गेल्यावर पेपर पुरा होईल न?"

"होईल काका. शब्द देतो."

"शब्द राहू द्या. बिलावर लिहा."

नवा लॅपटॉप घरी आला. त्या संध्याकाळी अश्विनीच्या खोलीचं दार लागलं आणि पलीकडे एकदम शांतता पसरली. खाकरणं नाही, ठकठक नाही. वैजनाथरावांनी स्वतःवर बंदी घातली असावी. फक्त झोपाळा कुरकुरत होता, तोही थांबून थांबून. मला भलतीच काळजी वाटायला लागली. मी उठून भिंतीला कान लावला, आणि नेमके तेव्हाच आमचे हे स्वयंपाकघरातून बाहेर आले. "आता तू पण?" म्हणाले.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. बारीक, घाबरट, पण स्पष्ट. "एक गाडी स्थिर अवस्थेतून निघाली आणि तिचा वेग…" अश्विनी गणित मोठ्यानं वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं ते मोठ्यानं सोडवलंही. मग दुसरं घेतलं. झोपाळा सलग कुरकुरू लागला.

आता हे रोजचं झालं आहे. तिचा आवाज चांगला मोकळा झालाय. भौतिकशास्त्राचं बरंचसं आमच्या ह्यांचंही पाठ होत आलंय.

परवा वैजनाथराव तक्रार घेऊन आमच्या ओट्यावरच्या खुर्चीत येऊन बसले. "बाई, लई आवाज करून राहिली हो पोरगी. बातम्या ऐकू येईनात. डोकं उठलं."

"मग सांगू का तिला, हळू वाच म्हणून?"

ते दचकलेच. माझ्याकडे संशयानं बघत म्हणाले, "तुम्हाला काय तरास होतो का तिचा?"

"छे हो. मला कसला त्रास?"

"मग राहू द्या की. लेकराचा अभ्यास हाय. तर मी काय म्हणत होतो, तो दूधवाला…"

आणि पलीकडच्या घरातला अश्विनीचा आवाज थांबला. वैजनाथरावांचं बोलणं तिथंच तुटलं. हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला गेला, मान घराकडे वळली. मीही तिच्या खिडकीकडे बघितलं.

खिडकीतून अश्विनीची हाक आली. "मामा, हाय मी! पाणी पिऊन राहिले."

त्यांचा हात सैल झाला. टोपी काढून त्यांनी तिनंच डोळे पुसले, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "हां. तर तो दूधवाला, बाई. आजकाल गप गप असतो."