चेंडू हवेत असताना

सामोआच्या बायकांच्या टेनिस संघाने फिजीला कसं हरवलं, हे ऐकून आजवर कुणाचाही विश्वास बसलेला नाही. ज्याचा बसेल त्याने खुशाल वैद्याला नाडी दाखवावी. पण त्या शनिवारी म्हातारा पेनितोआ मांडीवर शंख घेऊन लटलटत बसला होता, एवढं तरी मानावंच लागेल.

लटलटायला कारण होतं. शहरातल्या मैदानात वादळाचं पाणी साचलं, म्हणून सामने फागालेले नावाच्या गावात, चर्चसमोरच्या सिमेंटच्या पटांगणात आले. जाळी गावचीच, खालून भोकं पडलेली. आणि गावाचा नियम असा, की सूर्य समुद्राला टेकला की पेनितोआने शंख फुंकायचा. मग जो जिथे असेल तिथे त्याने बसायचं, डोळे मिटायचे आणि दुसरा शंख होईपर्यंत प्रार्थना करायची. गेल्या वर्षी पेनितोआचा जावई ऐन प्रार्थनेत सुटलेल्या डुकरामागे धावला. तेव्हाच गावप्रमुख लेओताने बजावलं होतं, "या घरातल्या कुणी पुन्हा नियम मोडला, तर अख्खं घर गावाबाहेर!" आणि आता त्याच जावयाची लेक, पेनितोआची नात मोएलागी, खेळायला उभी होती. दोन्ही देश एकेक सामना जिंकून बरोबरीत, हा तिसरा.

खरं तर तो उन्हं कलायच्या आत संपायचा. पण पाहुण्यांना उपाशीपोटी कोण खेळवतं? प्रमुखांच्या बायकोने भाजलेलं डुक्कर मांडलं, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं मांडली, नीरफणस मांडला. फिजीची कासानिता "पुरे" म्हणाली, की तिच्या पानात आणखी एक तुकडा पडायचा.

"अगं, खा की! एवढ्याशा पोटाने काय जिंकणार?"

पाहुणी जेवत असताना यजमानांनी हात आखडणं बरं दिसत नाही, म्हणून मोएलागीनेही खाल्लं. तीन वाजता दोघी उठल्या त्या माल भरलेल्या होड्यांसारख्या. धावणं कुणालाच जमेना, जोरात मारणंही नाही. चेंडू इकडून तिकडे तरंगत जायचा, तिकडून इकडे तरंगत यायचा. सूर्य मात्र उपाशी असावा. तो भराभर उतरत होता.

"समुद्राकडे काय बघतेस? चेंडूकडे बघ!" कप्तान तेलेसिया ओरडली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचं ओरडणं तीन गावांत ऐकू जाई.

"तेलेसियाताई, माझ्या पायात गोळे आलेत!"

"गोळे उद्या मोज! एक गुण राहिलाय, एकच!"

इकडे लेओता पेनितोआला अगदी खेटून बसला होता. "म्हाताऱ्या, सूर्य टेकला."

"नाही हो थोरले, तो ढग टेकलाय."

"मला ढग शिकवतोस? फुंक!"

पेनितोआने शंख तोंडाला लावला. आतून नुसता वारा निघाला.

"थोरले, यात खेकडा शिरलाय वाटतं."

"खेकडा गावात राहील, पण तू राहणार नाहीस! फुंक म्हणतो ना!"

पेनितोआने डोळे मिटले आणि शंख फुंकला. नेमका त्याच क्षणी मोएलागीने चेंडू मारला होता. शंख ऐकताच ती होती तिथे मटकन बसली. कासानिताच्या गावातही असाच शंख वाजायचा, तीही बसली. न्यूझीलंडहून आलेली पंचबाई शिडीवर उंच बसून बघतच राहिली, तर तेलेसियाने खालून तिचा पाय धरला. "बाई, हात जोडते, डोळे मिटा! नाहीतर आमचं काही खरं नाही!" पंचबाईने घाबरून मिटले. चेंडू हवेतच होता.

वीस मिनिटं गावात पानही हललं नाही. दुसरा शंख झाला तेव्हा चेंडू कासानिताच्या बाजूला, जाळीच्या पायथ्याशी पडलेला होता.

"वरून आला की भोकातून?" पंचबाईने विचारलं. "कुणी पाहिलं का?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. पाहिलं म्हणणं म्हणजे प्रार्थनेत डोळे उघडे होते म्हणणं.

"मग हा गुण पुन्हा खेळावा लागेल."

मोएलागीने उठायचा प्रयत्न केला. वीस मिनिटं मांडी घालून तिचे पाय लाकूड झाले होते. एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली. "आजोबा, मला उभंच राहता येत नाही हो!" तिला रडू फुटलं.

पेनितोआ उठला. त्याच्या लेकीने मागून त्याची लुंगी ओढली. "बाबा, खाली बसा! घर जाईल आपलं!"

"मी पाहिलं," पेनितोआ म्हणाला. त्याचा आवाज शंखातल्या वाऱ्यासारखा निघाला. "चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीवर जाऊन बसला. अख्खी प्रार्थना होईपर्यंत तिथेच बसून राहिला, अगदी मान खाली घालून. आमेन झाल्यावरच पलीकडे उतरला. आमच्या गावचा चेंडू आहे, पंचबाई. त्यालाही नियम ठाऊक."

कुणी हसलं नाही. गावाबाहेर जाणाऱ्या माणसाला कोण हसणार? पेनितोआच्या लेकीने तोंडावर हात ठेवला. लेओता लालबुंद होऊन उभा राहिला, त्याची काठी सिमेंटवर आपटली.

"खोटं! धादांत खोटं! चेंडू जाळीवर क्षणभरसुद्धा बसला नाही! पट्टीला लागला आणि तस्साच टुणकन पलीकडे पडला, मी स्वतः या डोळ्यांनी..."