कोणते थ्रॅकलबी?

सन १९५७ च्या जून महिन्यात दारव्ह्याच्या प्राथमिक शाळेत बदलून आलेले शिक्षक श्री. रामराव थ्रॅकलबी यांना दोन खोल्यांचे घर भाड्याने हवे होते. मागणी माफक होती. विहीर जवळ असली तर उत्तम, नसली तरी चालणार होते. घर मिळाले की पुसदला माहेरी थांबलेल्या विमलताईंना घेऊन यायचे, एवढाच त्यांचा बेत. लग्नाला चारच महिने झाले होते. गावात त्या वेळी रिकामी घरे बावीस होती आणि घर मागणारा माणूस एक होता.

आता यवतमाळ जिल्ह्यात थ्रॅकलबी कुठून उगवला, ते आधी सांगून टाकलेले बरे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इकडच्या जंगलात या नावाचा एक गोरा साहेब फिरतीवर असे. त्याचे तंबू ठोकायला अकरा माणसे होती. एकदा वरून हुकूम आला, नोकरांची यादी आडनावासकट पाठवा. त्या अकरा जणांना आडनाव म्हणजे काय ते ठाऊक नव्हते आणि कारकुनाला रकाना कोरा कसा सोडतात ते ठाऊक नव्हते. त्याने अकराही जणांपुढे साहेबाचेच आडनाव ओढून दिले आणि यादी रवाना केली. साहेब विलायतेला गेला. तंबू वाळवीने खाल्ले. दहा घरे पटकीत आणि पोटापाण्यापायी कुठल्या कुठे गेली. अकराव्याचा नातू म्हणजे आपले रामराव.

बापाने मरताना त्यांना जवळ बोलावून सांगितले होते, "पोरा, आपली जात तुले माहीत आहे. तिची लाज धरू नको अन् तिचा तोराही मिरवू नको. कोणी आडनाव इचारलं तं सांगजो. जात इचारली तं, त्याचं काय अडलं ते त्यालेच इचारजो." रामरावांनी ही गोष्ट मनाशी घट्ट धरली होती. एवढ्या साध्या गोष्टीपायी माणसाची वाताहत होईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

पहिले घर त्यांनी पाहिले ते कापसाचे व्यापारी पुंडलिकराव यांचे. मागल्या अंगाला दोन स्वच्छ खोल्या, चुन्याने रंगवलेल्या. पुंडलिकरावांनी गुरुजींना ओसरीवर बसवले.

"आडनाव का म्हणाले?"

"थ्रॅकलबी."

"मंजे?"

"म्हणजे थ्रॅकलबीच."

"ते समजलं जी. पण मंजे... कोणते?"

"कोणते म्हणजे कसं?"

"आता तुमी शिकले-सवरले मानसं, तुमाले मी का सांगावं? आपण जातपात पाह्यत नाही. बिलकुल नाही. फक्त माहीत असलेली बरी. माहीत असली का मंग पाह्याची गरजच पडत नाही."

तेवढ्यात आतून भागीरथाबाई, म्हणजे पुंडलिकरावांच्या मंडळी, चहा घेऊन दारापर्यंत आल्या. त्यांच्या एका हातात फुलाफुलांची कपबशी होती आणि दुसऱ्या हातात कान तुटलेला कप. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने मान वरही केली नाही, खालीही केली नाही. बाई बिचाऱ्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग दोन्ही कप घेऊन आत गेल्या आणि एक केळे घेऊन आल्या. केळ्याला भांडे लागत नाही.

"घरात इचारून सांगतो," पुंडलिकराव म्हणाले.

त्या महिन्यात रामरावांनी दारव्ह्यात बावीस घरी केळी खाल्ली. बावीसही घरी आत विचारून सांगणार होते. तोवर रामराव चौथीच्या वर्गात वळकटी टाकून राहू लागले आणि प्रार्थनेच्या आधी ती गुंडाळून कपाटामागे लपवू लागले. दर गुरुवारी ते पुसदला पत्र टाकत की पुढल्या महिन्यात घराचे नक्की होईल. अशी दोन वर्षे गेली. विमलताईंची भावजय आता पत्र हातात देताना हसू लागली होती.

१९५९ साली विलायतेहून जिल्ह्याला एक पत्र आले. तिकडे कोणी कुमारी थ्रॅकलबी नावाच्या पेन्शनीतल्या मास्तरीण होत्या. आपले दुर्मिळ आडनाव जगात कुठे कुठे आणि किती उरले, याची त्या मोजदाद करीत होत्या. इंग्लंडात १८८१ मध्ये थ्रॅकलबी एकशे सोळा होते, १९११ मध्ये साठ आणि १९५१ मध्ये अकरा. घराण्यातला एक पुरुष वऱ्हाडच्या जंगलात नोकरीला होता असे ऐकते; तर आपल्याकडे आमच्या आडनावाचे कोणी आहेत काय, असल्यास किती आणि ते खुशाल आहेत ना, एवढेच बाईंनी विचारले होते.

पत्र विलायतेचे, त्यावर राणीचे तिकीट. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षे झाली होती, तरी पाकीट पाहून अर्धी कचेरी उभी राहिली. 'अतितातडीचे' असा शेरा मारून कागद खाली दारव्ह्याच्या कचेरीत आला आणि रामरावांना बोलावणे गेले. त्यांची चौकशी मोठे बाबू वामनराव यांच्याकडे होती.

"बसा गुरुजी. जात इचारनं सरकारनं बंद केलं आहे," वामनराव म्हणाले. "म्हणून मी इचारत नाही. तुमी आपलं सांगून टाका."

"पत्रात जात विचारली आहे का?"

"नाही."

"वरून जातीचा रकाना आला आहे का?"

"नाही आला. मीनंच पाडला."

"कायले?"

"कायले म्हंजे? तक्ता केला, गुरुजी. त्याच्यात जातीचा रकाना नसला तं त्याले तक्ता कोण म्हणीन?"

मग वामनरावांनी आडमार्गाने तपास आरंभला. कुलदैवत कोणते? शनिवारी काय खाता? आत्याबाई कुठे दिल्या? तेराव्याला कोणाला बोलावता? शेवटी घाम पुसत त्यांनी विचारले, "तुमच्यात मयत जाळतात का पुरतात?"

"मेल्यावर सांगतो," रामराव म्हणाले आणि उठून गेले.

उद्धट उत्तराबद्दल त्यांच्या नावे एक शेरा पडला आणि अहवाल सादर झाला. इंग्लंडात थ्रॅकलबी अकरा, दारव्ह्यात दोन (पैकी एक पुसदला माहेरी). सबब दारव्हा हे या आडनावाचे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे केंद्र होय. घसरणीचा वेग ध्यानी घेता १९८१ साली जगात अडीच थ्रॅकलबी उरतील, असाही हिशेब वामनरावांनी काढून दिला. अर्धा कुठला, ते 'यथावकाश कळविण्यात येईल'. बाईंचा शेवटचा प्रश्न, माणसे खुशाल आहेत ना, याला तक्त्यात रकाना नसल्यामुळे त्याचे उत्तर द्यायचे राहून गेले.

ही बातमी गावात फुटली आणि रामरावांचे दिवस पालटले. कालपर्यंत ज्यांना शंका होती, त्यांना आज खात्री झाली. आडनाव विलायती आहे, दुर्मिळ आहे, राणीच्या तिकिटाने त्याची विचारपूस होते. मग माणूस काही ऐरागैरा नसणार! पुंडलिकरावांनी गुरुजींना बोलावून फुलाफुलांच्या कपात चहा पाजला. रामरावांनी पुन्हा खोल्यांचे काढले.

"अरे बाप्पा! तुमच्यासारख्या मानसाले दोन खोल्या?" पुंडलिकरावांनी कानाला हात लावले. "लोक मले जोड्यानं मारतीन. तुमाले बंगला पाह्यजे. बंगला निंगाला का सांगतो."

दारव्ह्यात बंगला नव्हता. रामराव वळकटीकडे परत गेले. अपमानात घर मिळाले नव्हते, मानातही मिळाले नाही, आणि या दोहोंच्या मध्ये गावाने त्यांच्यासाठी जागाच ठेवली नव्हती.

पुढचा घाव पुंडलिकरावांनीच घातला. त्यांनी रीतसर जाहिरात देऊन आपले आडनाव बदलले आणि पुंडलिकराव थ्रॅकलबी झाले. सभा घेऊन त्यांनी सांगितले की आडनावावरून जात कळते, म्हणून आडनावच असे घ्यावे की कळू नये. टाळ्या पडल्या. मागोमाग आडत्यांनी घेतले, वकिलांनी घेतले, मारवाडी गल्लीने घेतले, नदीपलीकडच्या वस्तीने तर वाजतगाजत घेतले. १९६१ च्या शिरगणतीची माणसे आली तेव्हा दारव्ह्यात थ्रॅकलबी एक हजार एकशे त्रेसष्ट भरले. पाहुणे बोलावून जातिअंताचा सोहळा झाला. वामनरावांनी आकडा विलायतेला कळवला. कुमारी थ्रॅकलबींना तो वाचून घेरी आली, असे त्यांच्या शेजारणीच्या पत्रावरून समजते.

तांड्यावरच्या एकट्या देवसिंग नायकाने नकार दिला. तो बाजाराच्या दिवशी रामरावांना भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, आमचे बैल पिढ्यान्‌पिढ्या मीठ वाह्यत गेलते. गोणीवर कोणतंबी नाव टाका, वजन तेवढंच राह्यते." रामरावांना त्या दिवशी कोणीतरी शहाणे बोलल्याचे इतके बरे वाटले की त्यांचे डोळेच भरून आले. मग देवसिंगने चिलीम झटकून हळूच विचारले, "पण तू कोण, गुरुजी? खरं सांग."

सोहळ्याचा मांडव उतरायच्या आतच अडचण उभी राहिली. पंगत बसायची तर कोणाच्या शेजारी कोण? सोयरीक करायची तर कशी? समोरून स्थळ येई थ्रॅकलबीचे, आणि मुलीचा बाप विचारी, "कोणते थ्रॅकलबी?" महिनाभरात वरच्या आळीचे थ्रॅकलबी, पेठेतले थ्रॅकलबी आणि नदीपलीकडचे थ्रॅकलबी, असे तीन प्रकार पडले. पंगती तीन झाल्या, विहिरी तीन होत्याच. गोंधळ माजू नये म्हणून कचेरीने एक नोंदवही उघडली. त्यात प्रत्येक थ्रॅकलबीने आपले पूर्वीचे आडनाव लिहून द्यायचे. लोक रांगा लावून लिहून गेले. जात पुसायला ज्यांनी आडनाव टाकले, त्यांनीच ते दोन प्रतींत जपून ठेवले!

नोंदवहीवरून प्रमाणपत्रे निघाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे पुंडलिकराव 'मूळ थ्रॅकलबी, वर्ग एक' ठरले. रामरावांपुढे मात्र वामनरावांची लेखणी अडली. पूर्वीचे आडनाव?

"हेच पूर्वीचं," रामराव म्हणाले. "हेच आत्ताचं."

"असं कसं? पूर्वी कोणी तरी असालच ना! मानूस एकदम थ्रॅकलबी जन्मत नाही."

"मी जन्मलो."

वामनरावांनी 'निरंक' असे लिहिले आणि प्रमाणपत्रावर शेरा मारला: 'थ्रॅकलबी असल्याचे सिद्ध होत नाही.'

१९६४ च्या मे महिन्यात भर दुपारी विमलताई ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरल्या. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि संसार सुट्ट्यांपुरता झाला होता. "मी आता वापस जात नाही," त्या म्हणाल्या. "भावजय रोज इचारते, नवरा आहे का पाहुणा आहे. चला, कोणतं घर ते दाखवा." रामराव त्यांना पुंडलिकरावांच्या दारी घेऊन गेले. खोल्या सात वर्षे रिकाम्याच होत्या. दारावर नवी पाटी होती: 'फक्त मूळ थ्रॅकलबींसाठी.'

"गुरुजी, तुमच्या रकान्यात निरंक आहे," पुंडलिकराव थ्रॅकलबी कळवळून म्हणाले. "निरंक मानूस ठेवला तं बाकीचे थ्रॅकलबी मले वाळीत टाकतीन. एक शब्द सांगून टाका ना! एका शब्दासाठी या पोरीले कायले उन्हात उभं केलं?"

विमलताई ट्रंकेवर बसल्या होत्या. तोंड लाल झाले होते. "सात वर्सं मीच म्हणत आली का सांगू नका," त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "आता सांगा. थकली मी."

रामरावांना संताप आला, पुंडलिकरावांचा, गावाचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा. बाप आठवला. वर्गात शुद्धलेखन घालावे तशा स्वच्छ, मोठ्या आवाजात त्यांनी तो एक शब्द उच्चारला आणि मान खाली घातली. पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर सात वर्षांत पहिल्यांदाच समाधान पसरले. आता काय करायचे, हे त्यांना तत्काळ कळले आणि त्यांनी ते केले.

काय केले, ते इथे लिहिता येत नाही. दार उघडले म्हणावे तर तुम्ही एक जात धराल, दार लावले म्हणावे तर दुसरी. तो शब्द छापायचा राहून गेलेला नाही, उगाच मागली पाने चाळू नका. आजोबाच्या तंबूवरून, बापाच्या बोलीवरून, बाईच्या माहेरावरून तुम्ही मघापासून काय हुडकत आहात, ते दिसत होते. आता एकच सांगा, खरे खरे. दुपारच्या उन्हात ट्रंकेवर बसलेल्या त्या बाईचे पुढे काय झाले, हे तुमच्या मनात आधी आले, की रामराव काय बोलले, हे?