गरम बाजू, थंड बाजू

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं 'हं' या एका अक्षरातून निघाली आहेत. बायको काहीतरी विचारते, मी पेपरात डोकं खुपसलेलं असतं आणि तोंडातून 'हं' निघून जातं. (लग्नाला होकारही मी असाच दिला, असं ती चारचौघांत सांगते. ते साफ खोटं आहे. तेव्हा माझ्या हातात पेपर नव्हता.)

या वेळी ती म्हणाली, "आमच्याकडचा हीटर बंद पडलाय. बिचारा गारठून जाईल. थोडे दिवस घरी आणू का?"

"हं," मी म्हटलं.

माझी बायको प्राणिसंग्रहालयातलं सर्पगृह सांभाळते. तेव्हा 'बिचारा' म्हणजे कोण, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. संध्याकाळी दारातून काचेची एक लांबलचक पेटी आत आली आणि पेटीत वेटोळं करून बिचारा बसला होता. अजगराच्या कुळातला, बिनविषारी, तपकिरी ठिपक्यांचा. जरा काही खुट्ट झालं की स्वतःची गुंडाळी करतो म्हणून त्याचं नाव गुंडू.

"हॉलमध्ये ठेव," मी म्हटलं.

"हॉलमध्ये वारा लागेल त्याला. आपल्या खोलीत ठेवू."

मग पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी पातळ चटई गेली. त्या टोकाला आत एक सेन्सर बसला, त्याची वायर थर्मोस्टॅटला गेली, आणि दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर लागला. माझ्या तापाच्या दिवसांत घरातला एकुलता एक थर्मामीटर सापडत नाही, हे मला उगाच आठवलं.

"हे बघा," बायको म्हणाली, "ही त्याची गरम बाजू, एकतीस-बत्तीस. ती थंड बाजू, पंचवीस-सव्वीस. सापाला स्वतःची ऊब नसते हो, बाहेरून घ्यावी लागते. वाटलं तर तो इकडे येईल, वाटलं तर तिकडे जाईल. त्याला निवड हवी."

"मलाही गार वाटतंय."

"मग स्वेटर घाला."

या घरात पंख्याचा रेग्युलेटर फिरवायचा तर मला अर्ज करावा लागतो. खिडकी उघडायची की नाही हे ती ठरवते, पांघरूण कोणाकडे किती हे तर झोपेतसुद्धा तीच ठरवते. आणि या लांबड्याला निवड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण खरं दुखणं तापमानाचं नव्हतंच. बायको सकाळी उठल्या उठल्या पेटीपाशी जायची आणि म्हणायची, "अरे, उठलास का तू? झोप झाली का रे?"

अरे! लग्नाआधी तो 'अरे' माझा होता. लग्नानंतर माझी आई राहायला आली, तिच्यासमोर बरं दिसावं म्हणून बायकोने 'अहो' सुरू केलं. आई परत गेली, 'अहो' मात्र मुक्कामाला राहिलं. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होतो की तिच्या तोंडातून 'अरे' निघतच नसेल आता. आणि इथे तो सकाळ-संध्याकाळ निघत होता, सापासाठी. मला हेवा वाटला. लाज वाटली, तरीही वाटला.

रविवारी तिची ड्यूटी होती आणि मला सर्दी झाली होती. दुपारी तिचा फोन आला.

"कसा आहे?" आवाज इतका मऊ की मी उठूनच बसलो.

"डोकं जड आहे गं जरा."

"काय? बरं, तोंडाने श्वास घेतोय का?"

"हो ना! नाक पूर्ण बंद आहे."

"अगं बाई! आणि अंगाची कात वगैरे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "तो मजेत आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता मात्र हद्द झाली होती. मी पेटीकडे पाहिलं. महाराज गरम बाजूला पसरले होते. मी मनाशी म्हटलं, अर्धा तास थंड बाजूला बसलास तर काही बिघडत नाही तुझं. पेटीचं टोक जरासं उचललं, चटई ओढून काढली, पलंगावर अंथरली आणि तिच्यावर पाठ टेकली. (उचलताना झाकणाची कडी निसटली. ते मला नंतर, बऱ्याच मोठ्या आवाजात, सांगण्यात आलं.)

काय सुख होतं ते! मला लगेच डोळा लागला. पण चटई माझ्याकडे आली तरी सेन्सर पेटीतच होता. पेटी गार पडत चालली, म्हणून थर्मोस्टॅट चटई तापवत राहिला; पेटी आणखी गार पडली, त्याने आणखी नेट लावला. तिकडे सापाची काळजी घेत घेत ते यंत्र इकडे मला भाजत होतं.

अर्धवट झोपेत असताना दार वाजलं. खोलीत धावपळ झाली, खुर्ची सरकली, आणि मग अगदी जवळून, रडवेल्या आवाजात बायको म्हणाली, "अरे! इथे झोपलायस होय? किती शोधलं मी तुला! जीव नुसता टांगणीला लागला होता माझा."

मी विरघळलो. डोळे मिटूनच हात पसरले. "मी इथेच तर होतो गं," मी म्हटलं.

"अहो, हलू नका! त्याचं शेपूट आहे तुमच्या मांडीखाली."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडलो, उडी मारली आणि पाठीची आग होतेय हे मला तेव्हा कळलं. गुंडू सुखरूप होता. माझ्या पाठीवर मात्र चटईच्या मापाचा लालबुंद चौकोन उमटला होता. (मी विमा कार्यालयात आगीचे दावे तपासतो. असा दावा समोर आला असता तर मी 'निष्काळजीपणा' लिहून फेटाळला असता.)

मलम लावता लावता तिने सगळं वदवून घेतलं.

"तुम्ही सापावर जळता?"

"जळलोच आहे. बघतेयस ना पाठ?"

ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेवटी मी सांगूनच टाकलं की मलाही कधीतरी 'अरे' म्हटलेलं चालेल. ती जवळ येऊन बसली, माझ्या केसांतून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "अरे वेड्या."

मी डोळे मिटून घेतले.

"आता जरा उताणा हो बघू. पाठीखाली उशी घे, आणि अजिबात हलू नकोस."

मी हललो नाही. पोटाला काहीतरी गार टेकलं. थर्मामीटर होता.

"बत्तीस! एकदम बरोबर!" ती आनंदाने ओरडली. "तुझ्या वजनाने चटईतली तार तुटलीय. सर्पगृहातून दुसरी येईपर्यंत तूच गरम बाजू."

आणि तिने गुंडूला माझ्या पोटावर ठेवलं. मीही तक्रार केली नाही. इतक्या वर्षांनी 'अरे' मिळाला होता. गुंडूने थोडा वेळ माझ्याकडे रोखून पाहिलं, जीभ बाहेर काढून अंदाज घेतला, आणि शांतपणे सरकत सरकत थंड बाजूला निघून गेला.

आमच्या पलंगावर थंड बाजूला बायको बसते.