हैबतरावांच्या वीतभर आंतड्याच्या उत्तरक्रियेची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. आधीं नमन उदरांतील अग्नीस, जो कोणास विचारून पेटत नाहीं आणि विचारून विझत नाहीं; मग नमन त्या काळोखास, जो मनुष्य आपल्याच कुशींत जन्मभर वागवितो आणि ज्यांत त्याचा स्वतःचा दिवा कधीं पोंचत नाहीं. शके सतराशें पंचाऐंशी, रुधिरोद्गारी नाम संवत्सर, ते वर्षीं ज्या राज्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं त्या राज्यीं जें वर्तलें तें यथामति लिहितों.

गादीवर राव हैबतराव होते. वय पन्नासाचे पुढें, अंग सडपातळ, बोलणें थोडें, आणि न्याय करितां डोळे मिटून बसावयाची संवय. त्यांस कांहीं वर्षें डाव्या कुशींत कळ येत असे. कळ आली कीं ताप भरे, पोट नगाऱ्याच्या चामड्यासारखें ताठे, आणि राव दरबार मोडून भिंतीकडे तोंड करून निजत. मग लंघन, मग काढे, मग ताकाची निवळी, आणि दुखणें उतरे, आणि सर्व म्हणत कीं गेलें. तें जात नव्हतें. दाराआड उभें राही. त्या वर्षीं भाद्रपदांत तिसरा झटका आला तो जबर, चादरीचा पदर दांतीं धरून रावांनीं तो सोसिला. म्हणोन बंदरावरून जर्राह मुनीरखान, शस्त्रानें चिरून रोग काढणारे, यांस आणविलें. त्यांणीं पोट चांचपिलें आणि बोलिले कीं, "हुजूर, मोठ्या आंतड्याच्या शेवटल्या वळणास पिशव्या आल्या आहेत, बोराएवढ्या. त्यांत मळ अडकतो आणि त्या पिकतात. तीन वेळां पिकून बसल्या. चौथे वेळीं फुटतील, आणि पू पोटभर पसरला म्हणजे मजजवळ औषध नाहीं. आज ताप उतरला आहे. वीतभर आंतडें काढून टोकास टोक शिवूं द्या." राव पुसते जाहले, "न काढिलें तर?" खान म्हणाले, "तर पुढील खेपेस मला बोलावूं नये. उगाच वाटखर्च कशास?"

ऐसें असतां खरी अडचण निराळी होती. त्या राज्याचा मूळ नियम ऐसा कीं, गादीवरील पुरुष अव्यंग असावा. ज्याच्या देहाचा अंश शस्त्रानें वेगळा जाहला तो राजा मेला ऐसें धरावें. त्या अंशाचें दहन आणि पुढील सर्व क्रिया करावी. पुत्रानें गादीवर बसावें. राणीनें कुंकू पुसून गडावरच राहावें, जन्मांत गडाखालीं उतरूं नये. आणि जो देह वांचला तो पाहुणा समजावा, त्यास राजाचें नांव नाहीं, आणि ज्या दिवशीं तो कोणाच्या आधाराविना महाद्वार ओलांडण्याजोगा होईल त्या दिवशीं त्यानें गड सोडावा. कोणी म्हणेल, राजानें नियम मोडावा. परंतु हैबतराव स्वतः त्याच नियमानें राजे जाहले होते. निपुत्रिक वडील बंधूंचा पाय लढाईपायीं तोडावा लागला, आणि ते कुबड्या टेकीत एकटे द्वाराबाहेर पडले त्या समयीं हैबतराव तेथें उभे होते. नियम मोडावा तर त्या दिवसापासूनचें आपलें राजेपण खोटें. म्हणोन राव तें बोललेच नाहींत.

राणी आवडाबाईसाहेब पलंगापाशीं विड्याच्या पानांचे देठ खुडीत बसल्या होत्या. राव त्यांस म्हणाले, "मी चिरून घेणार नाहीं. मी जिवंत असतां तुमचें पांढरें कपाळ पाहूं काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "आणि तुम्ही गेल्यावर तें लाल राहणार आहे?" "गेल्यावर मला दिसणार नाहीं." "मला आरशांत दिसेल कीं. नेहमीं आपल्यापुरतें पाहतां." मग आणखी एक देठ खुडून बाईसाहेब बोलिल्या, "विधवा तर मी दोहींकडून होतेंच. एकीकडे तुमची राख. दुसरीकडे खालीं कोण्या गांवांत तुम्ही जेवावयास बसलां आहां, आणि भाजींत मीठ कमी म्हणून कुरकुरत आहां. मला तें दुसरें वैधव्य द्या." रावांनीं भिंतीकडे तोंड फिरविलें, आणि त्या दिवशीं कळ नव्हती तरी तसेच राहिले, आणि मग म्हणाले, "खानास सांगा."

दसरा जाहल्यावर भूल देऊन पोट उघडिलें, आणि वीतभर आंतडें काढिलें, आणि तें चांदीच्या वाटींत घालून, वर तुळशीपत्र ठेवून, राजपुरोहित त्र्यंबकशास्त्री यांचे स्वाधीन केलें. मग पालखी निघाली, आंत वाटी, पुढें उलटीं धरिलेलीं निशाणें, मागें रिता घोडा, आणि लोक दुतर्फा रडले. खरेंच रडले, कारण पालखीचे पडदे पाडिले होते आणि रडणाऱ्यास वाटी केवढी हें दिसत नव्हतें. पुत्र मानसिंगराव यांणीं डोई आणि मिशा उतरवून चंदनाच्या चितेस अग्नि दिला, आणि गडावरून तोफा जाहल्या. त्या आवाजानें राव भुलींतून वर आले आणि क्षीण स्वरें पुसते जाहले, "तोफा कां? कोण गेलें?" बाईसाहेब उशाशीं होत्या, कपाळ पुसलेलें, हातीं बांगडी नाहीं. त्या म्हणाल्या, "तुम्ही." आणि ओल्या फडक्यानें त्यांचे ओंठ टिपिले, कारण पाणी द्यावयाची मनाई होती.

खानांची ताकीद ऐसी कीं, वारा सरेतों तोंडांत कांहीं घालूं नये. वारा सरला म्हणजे शिवलेलें आंतडें चालूं लागलें ऐसें जाणावें. म्हणोन जेथें पूर्वीं राव सुभ्यांच्या बातम्या पुसत तेथें खान रोज तेवढेंच पुसत. एके सकाळीं राव म्हणाले, "नाहीं सरला." बाईसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "सरला. मीं ऐकिला." राव म्हणाले, "तुम्ही कशास ऐकतां?" खान हसले, आणि लागलीच हसूं आंवरिलें, कारण त्यांस उमगलें कीं हा रोगी बरें होणें लपवीत आहे. त्या दिवसापासून पातळ पेज सुरू जाहली.

दहावे दिवशीं नदीकांठीं पिंड मांडिले. झाडावर कावळे दाट बसले होते, आणि एकही खालीं उतरेना. शास्त्री म्हणाले, गेलेल्याची इच्छा राहिली आहे. मानसिंगरावांनीं हात जोडून वचनें दिलीं, कीं तट बांधीन, तळें उपसीन, थोरल्या काकांस शोधून आणीन. कावळा हलेना. तेव्हां जें कोणत्या राज्यांत घडलें नसेल तें घडलें. पुत्र ओलेत्यानें गड चढून आला, आणि मुंडलेलें मस्तक लववून पलंगापाशीं उभा राहिला, आणि म्हणाला, "आबासाहेब," आणि अडला, कारण तें म्हणावयाचें नव्हतें. मग म्हणाला, "पाहुणे, कावळा शिवत नाहीं. वारलेल्या महाराजांच्या मनांत काय राहिलें, आपणांस कांहीं ठाऊक?" राव म्हणाले, "भाकरी आणि लसणीची चटणी." आणि स्वतःच हसले, आणि हसतां टाके ओढले म्हणोन उशी पोटाशीं दाबून धरिली, आणि त्या दाबलेल्या हसण्यांतच डोळे भरून आले. मग म्हणाले, "लेकरा, तुझ्या आईस तिचें कुंकू परत दे. दुसरें त्याचें कांहीं राहिलें नाहीं."

मानसिंगराव नदीस परतले आणि हें शास्त्र्यांस सांगितलें. शास्त्री म्हातारे, मनाचे मऊ, ते पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "महाराज, हें वचन दिलें तर वारलेले महाराज वारलेच नाहींत ऐसें होतें. मग आपण कोण?" नवा राजा विशींतला. त्यानें झाडाकडे पाहिलें, गडाकडे पाहिलें, ओंठ हलविले, आणि वचन दिलें नाहीं. मग दर्भाचा कावळा करून पिंडास लाविला आणि क्रिया पुरी केली. झाडावरले कावळे तसेच बसून राहिले, कोणाचें तरी बोलणें अर्धें राहावें तसे. रावांस हें कळलें तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "मीही दिलें नसतें."

याउपर जखम भरूं लागली, आणि तेंच दुःख. बाईसाहेब कोपराखालीं हात देऊन रावांस रोज चालवीत. आधीं विहिरीपावेतों, मग पागेपावेतों, मग नगारखान्यापावेतों. राव म्हणत, "आज पायांत बळ नाहीं." त्या म्हणत, "सोंग पुरे. काल होतें तें कोठें गेलें?" एकदां राव थांबले आणि म्हणाले, "मला घालवावयाची एवढी घाई?" बाईसाहेबांनीं कोपराखालचा हात घट्ट केला. मग म्हणाल्या, "खोटें आजारी राहावयाचें होतें, तर तुम्हांस चिरूं कां दिलें मीं?" आणि त्या दिवशीं नगारखाना मागें पडला.

कार्तिकांत एके सकाळीं उभयतां महाद्वारीं आलीं. पाहुण्यास मुजरा करावयाची मनाई, आणि मुजरा न करणें पहारेकऱ्यांस जमेना. म्हणोन ते सर्व भिंतीकडे तोंडें करून उभे राहिले. उंबऱ्यापाशीं बाईसाहेबांनीं कोपर सोडिलें. राव किंचित हेलकावले, आणि बाईसाहेबांचा हात पुढें गेला, आणि न शिवतां थांबला. त्या म्हणाल्या, "पायरी आहे." राव म्हणाले, "दिसते आहे." मग एक हात पोटाच्या शिवणीवर दाबून, ज्यांचें पोट कापिलें आहे ते चालतात तसे, ते एकेक पायरी उतरत गेले, आणि वळणाआड गेल्यावरही बाईसाहेबांचा हात त्यांत कोपर असल्यासारखा वांकलेलाच राहिला.

येणेंप्रमाणें रोग गेला, राज्य राहिलें, मनुष्य वांचला. पुढें त्या दोघांची भेट जाहल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. शोध केला.