वाचलं, येतोय

रंगनाथ नानांचा तो व्हिडिओ मी काढला, मीच कापला आणि मीच ग्रुपवर टाकला. हे आधी सांगून मोकळा होतो. नाहीतर पुढं नानांच्या गमती वाचताना तुम्हाला वाटेल, की हा लिहिणारा त्यांचा कुणी जिवाभावाचा माणूस असणार. तसा मी असायला हवा होतो.

आमचं गाव घाटनांदूरच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एक. मी विमा एजंट. झाडून सगळ्या गावाचे नंबर माझ्या फोनमध्ये, त्यामुळं ‘आपलं गाव’ हा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला आणि मीच चालवतो. या ग्रुपवर गावातले लोक भांडत. नाना मात्र तिथं कधी भांडले नाहीत. कुणी राजकारणाचं वाकडं-तिकडं लिहिलं, की थोड्या वेळानं त्याखाली नानांचे दोन शब्द उमटत: ‘वाचलं. येतोय.’

आणि खरंच यायचे. डोक्याला टोपी, खांद्याला खाकी पिशवी, आणि भिंतीपलीकडं जाईल असा आवाज.

नाना तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या घरी जाऊन समन्स हातात देणं, सही किंवा अंगठा घेणं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, बायको वारली, पोरीचं लग्न झालं, पण बजावणी काही थांबली नाही. “लिव्हलेल्याला त्वांड नसतं,” ते म्हणायचे. “समक्ष बोललं, की मानूस निम्मं खोटं आपुनच गिळतो.”

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनं आमच्या एका गावाची दोन गावं केली. वरच्या गल्लीच्या पॅनलची निशाणी कपबशी, खालच्या गल्लीची छत्री. छत्री निवडून आली. त्या दिवसापासून छत्रीवाल्यांनी हॉटेलात कपबशीतून चहा घेणं सोडलं; ग्लासात मागायला लागले. मध्ये अवकाळी पाऊस झाला, तर कपबशीवाले चिंब भिजत घरी गेले, पण एकानं छत्री उघडली नाही. इथवर हसण्यासारखं होतं. मग दळणाच्या गिरण्या वेगळ्या झाल्या. भजनाचे टाळ दोन घरांत वाटले गेले. एका गल्लीच्या लेकी दुसऱ्या गल्लीत दिलेल्या होत्या, त्यांचं माहेर चालत जाण्याएवढं जवळ असून बंद झालं.

नानांची एकुलती एक मंगल त्यांतलीच. नाना वरच्या गल्लीतले. मंगलचे सासरे किसनराव म्हणजे छत्रीचे पुढारी, आणि त्यांचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर. निकालाच्या संध्याकाळी किसनरावांनी घरात सांगितलं, “वरच्या गल्लीशी आजपासून जाणं-येणं बंद. सुनांनी पण ध्यानात ठेवायचं.” हे मी माझ्या गॅलरीतून ऐकलं. मंगलला तेव्हा दिवस गेलेले होते.

तर नाना. ते कपबशीचे असले तरी भांडायला त्यांना दोन्ही गल्ल्या सारख्याच. त्यांच्याच पॅनलच्या आसारामनं एकदा लिहिलं, की छत्रीवाल्यांच्या म्हशीचं दूधसुद्धा कुणी घेऊ नये. वाचलं, येतोय. नाना पोचले तेव्हा आसाराम आंघोळीला बसला होता. नानांनी न्हाणीच्या दाराशी स्टूल ओढलं.

“चालू दे तुजं. मी बोलतो, तू आईक. म्हशीनं कुनाला मत दिलं बे?”

“नाना, अंगाला साबण लागलाय.”

“लागू दे. म्हशीचं नाव यादीत हाय का?”

“न्हाई.”

“मंग तिला कावून बंदी? खुलासा कर, तवर मी हितंच हाय.”

आसारामनं पोस्ट काढून टाकली. म्हणजे बायकोला आतूनच ओरडून काढायला लावली.

बाबू नावाचा आमच्या गावचा एक जण चाकणला कंपनीत आहे. तो तिथं बसून गावाच्या गटारींवर रोज लिहायचा. नानांनी त्यालाही उत्तर दिलं, ‘वाचलं. येतोय.’ सगळा ग्रुप हसला. पण रविवारी सकाळी नाना त्याच्या दारात उभे. एसटीनं रात्रभर बसून, अर्ध्या तिकिटात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ. जेवणापर्यंत गटारीवर वाद झाला. जेवून दोघं झोपले. उठून चहा घेताना पुन्हा झाला. नाना परत आल्यावर मला म्हणाले, “बजावनी झाली. पोरगं चांगलं हाय, पर लई एकटं पडलंय.” त्यानंतर बाबू ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.

कुणी दार उघडलंच नाही, तर नाना कणकेच्या खळीनं दाराला चिठ्ठी डकवून यायचे. आमच्या गिरणीवाल्याच्या दारावरची मी स्वतः वाचली आहे: ‘सदर इसम घरी मिळून आला नाही. तीन हाका मारल्या. आतून टीव्हीचा आवाज येत होता. चहा झाला नाही.’

माझ्याकडंही एकदा आले. मला वाटायचं, आपण सुरक्षित आहोत. विम्याचे हप्ते दोन्ही गल्ल्यांतून येतात, म्हणून मी ग्रुपवर कधी बाजू घेतली नाही. कुणी काही लिहिलं की जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं, बस्स.

नाना ओट्यावर बसले. “सुभाष, तू रोज हात जोडतोस. कुनापुढं?”

“तसं कुणापुढं न्हाई, नाना.”

“मंग खाली घे की.”

मी हसून चहा आणला. ते बोलणं मला लागलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

किसनरावांकडं मात्र नाना सगळ्यांत जास्त जायचे. किसनराव लिहायचेही तसंच, जिंकलेल्या माणसासारखं. एकदा हॉटेलात कुणीतरी नानांना टोचलं, “काय नाना, पोरीच्या सासरी रोज भांडायला जाता, बरं दिसतं का?” नाना बशीत चहा ओतत म्हणाले, “इवायाच्या घरी जायला आवतान लागतंय. भांडायला लागत न्हाई.” सगळे हसले. मीही. ते खरं काय सांगत होते, त्याचा विचार कुणी केला नाही.

मग तो दिवस. किसनरावांनी सकाळी लिहिलं, ‘ज्यांना निकाल पचला नाही त्यांनी ओवा खावा.’ त्याखाली नानांचं उत्तर पडलं आणि समोर दार लावल्याचा आवाज आला. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

नाना आले. बंद दारापुढं उभे राहिले आणि दार उघडं असल्यासारखे बोलायला लागले. पाण्याची टाकी, गटार, शाळेची भिंत, सगळं झालं. मग पिशवीतून पुडी काढली. “ओवा आनलाय, इवाई! निम्मा मी खातो, निम्मा तुमाला ठिवतो. मला हार पचवायची हाय. तुमाला सत्ता पचवायची हाय, ते जास्त जड पडतंय!” आणि बंद दारासमोर उभं राहून, मान वर करून, त्यांनी खरंच ओव्याची चिमूट तोंडात टाकली.

हसू दाबताना माझा फोन हलत होता. नाना बोलत बोलतच घराच्या कडेला गेले. तिथं स्वयंपाकघराची खिडकी आहे, दारातल्या माणसांना न दिसणारी. माझ्या गॅलरीतून दिसते. खिडकीच्या गजांतून मंगलचा हात बाहेर आला. नानांनी पिशवीतून कापडात बांधलेली बोरं काढून तिच्या हातावर ठेवली, आणि हात सोडला नाही. तोंडानं ते गटारीवरच ओरडत होते, “ग्रामपंचायतीचा खर्च चावडीवर लावा! गाव आंधळं न्हाई!” आवाज भांडणाचा, आणि हात पोरीच्या हातावर. ओरडणं थांबलं असतं तर आतून कुणीतरी बाहेर आलं असतं. म्हणून ते ओरडत राहिले.

हे सगळं माझ्या फोनमध्ये आलं. आत येऊन मी ते दोनदा पाहिलं. मग खिडकीपासूनचा भाग कापला आणि राहिलेला ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘दार लावा, समन्स आलंय!’

दिवसभर फोन वाजत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे, वरच्या गल्लीचे आणि खालच्या गल्लीचेही. निकालानंतर पहिल्यांदाच दोन्ही गल्ल्या एकाच गोष्टीवर हसल्या. आपण गाव जोडलं, असं वाटून मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. एका म्हाताऱ्याला मध्ये घेऊन हसलं की गाव जुळतं, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवसापासून नाना कुठल्याही गल्लीत शिरले की ओट्यावरून आवाज यायचा, “दार लावा रे, समन्स आलंय!” आणि धडाधड दारं लागायची. गंमत म्हणूनच. आसारामनंही लावलं. बाजारात किसनरावांनी नानांना सगळ्यांसमोर गाठलं. “तुमच्यापायी गाव माझ्या दारावर हसतंय. पुन्हा माझ्या घराकडं फिरकायचं न्हाई.” नाना पिशवी उचलून घरी निघाले, असं ऐकलं. त्या संध्याकाळी ग्रुपवर एक ओळ आली, की रंगनाथ नाना यांनी ग्रुप सोडला. मी त्यावरही जोडलेले हात टाकले.

नंतर महिनाभर तरी मी नानांना रस्त्यावर पाहिलं नाही. समोरच्या घरात मंगल दिसायची, अंगणात वाळवण घालताना, अवघडलेली. एका दुपारी ती दह्याचं विरजण मागायला म्हणून आमच्याकडं आली. बायको आत गेली तशी मला हळूच म्हणाली, “काका, तुमी ग्रुपाचे मालक ना? माज्या नानाला परत घ्या की त्यात.”

“त्यांनीच सोडलाय, बाई.”

“तुमी घ्या. मामंजी रोज लिव्हतेत, पर नानाला दिसतच न्हाई तर त्यो भांडायला कसा यील?” ती वाटीकडं बघत होती. “आन भांडाय आल्याबगर मला कसा दिसंल?”

तिचे डोळे भरले नव्हते. तिनं ते एखाद्या कामासारखं सांगितलं, विरजण घेतलं आणि पदर सावरून गेली. व्हिडिओचा तिनं शब्दही काढला नाही.

मी लगेच नानांना ग्रुपमध्ये घेतलं. ते लगेच बाहेर पडले. पुन्हा घेतलं, पुन्हा बाहेर. फोन केला, उचलला नाही. मग मी ग्रुपवर लांबलचक माफी लिहायला बसलो. लिहिताना लक्षात आलं, की खरं लिहायचं तर खिडकीचं लिहावं लागेल, आणि ते लिहिलं तर खिडकीही बंद होईल. खिडकी सोडून लिहिलं, तर त्यात माझी खरी चूक येतच नव्हती. सगळं पुसलं आणि चप्पल घातली.

नाना अंगणात बाजेची सैल झालेली दोरी आवळत बसले होते. मला वाटलं, दार दाखवतील. ते म्हणाले, “ये. हे टोक वढून धर.”

मी धरलं. त्यांनी दोरीचे चार-पाच वेढे ओढून आवळले. मग मीच सुरुवात केली, “नाना, तो व्हिडिओ...”

“मला दिसलातास तू वर,” ते म्हणाले. “म्हनलं, काढतोय तर काढू दे. मंग खिडकीकडं गेलो तवा भ्यालो. म्हनलं, आता हे बी गावाला दावतंय.” त्यांनी दोरीला गाठ मारली. “पर तू तेवढं कापलंस. लई उपकार झाले तुजे, सुभाष. पोरीला घरात बोलनी बसली असती. हसतेत लोकं तर हसू दे, माज्या अंगाला काय भोकं पडत न्हाईत. तू तिची लाज राखलीस.”

मला पाणी मागावंसं वाटलं. मागितलं नाही. या माणसानं मला भला समजून महिना काढला होता, आणि मी गप्प बसलो असतो तर जन्मभर तसंच समजला असता.

“हाय का ते अजून?” नानांनी विचारलं. “कापलेलं?”

ते मी पुसलं नव्हतं. का, ते मलाच सांगता येत नाही. मी फोन काढून त्यांच्या हातात दिला. नानांनी चष्मा लावला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. फोनमधून त्यांचाच आवाज गटारीवर ओरडत होता, आणि ते त्या आवाजाकडं लक्ष न देता खिडकीतल्या हाताकडं बघत होते. संपलं. म्हणाले, “परत लाव.” मी परत लावलं.

“हातात बांगड्या कमी हायेत,” ते स्वतःशीच म्हणाले. “सुजलेत वाटतं हात. असं व्हतंच या दिवसात.”

“नाना,” मी म्हणालो, “उपकार न्हाई ते. मंगलसाठी मी कापलं न्हाई. तेवढ्या तुकड्यात हसू येत नव्हतं, म्हणून कापलं. तुम्ही कशासाठी येता ते मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही बाकीचा टाकला. आता चला माझ्यासंगं. किसनरावांच्या दारात उभं राहून मी सांगतो, की व्हिडिओ मी काढला, चेष्टा मी केली, तुम्हाला अडवू नका. त्यांनी दार लावलं तर लावलेल्या दारासमोर सांगतो. पण त्याआधी तुम्हाला सांगतो. चुकलो मी, नाना. मला माफ करा.”